भरल्या ताटावरून

२०२२ च्या ऑक्टोबरमधल्या एका दुपारी माझ्या फोनवर शाळेचा निरोप आला. आपल्या पाल्याच्या जेवणाच्या खात्यात उणे ११ डॉलर ४० सेंट आहेत, कृपया त्वरित भरणा करावा. आम्ही मिनेसोटात राहतो, मुलगा तेव्हा चौथीत होता. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या शाळांमध्ये सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळत होतं. ती मुभा त्या वर्षीच्या जूनमध्ये संपली आणि खात्यात पैसे टाकायचे असतात हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. पाच मिनिटांत पैसे भरून टाकले. संध्याकाळी मुलाला विचारलं, "तुला कुणी काही बोललं का रे?" तो म्हणाला, "मला नाही." मग जरा थांबून त्याने एका मित्राचं नाव घेतलं. "तो आता रांगेत येतच नाही. भूक नाही म्हणतो."

त्या मुलाची आई मला सकाळी बसच्या थांब्यावर भेटायची. आठवड्याभराने विषय तिनेच काढला, तोही माफी मागण्यासाठी. माझा मुलगा आपल्या ताटातलं अर्धं तिच्या मुलाला देत होता आणि मला ते खटकत असेल असं तिला वाटत होतं. नवरा गोदामात, ती वृद्धाश्रमात कामाला. सवलतीसाठी अर्ज भरला होता. चार माणसांच्या घराला त्या वर्षी उत्पन्नाची मर्यादा होती ५१,३३८ डॉलर. नवऱ्याने ओव्हरटाइम केला होता, त्यामुळे ते थोडक्यात मर्यादेच्या वर गेले. दोन मुलांच्या दुपारच्या जेवणाचे महिन्याला शंभराहून जास्त डॉलर होत होते. बाकी साठत गेली. तिने मुलाला काहीच सांगितलं नव्हतं. त्याला ते रांगेत कळलं.

मला या रांगेबद्दल बोलायचं आहे, कारण कागदोपत्री जे 'खात्यावरची थकबाकी' असतं ते प्रत्यक्षात इथे घडतं. मूल ट्रे घेऊन पुढे सरकतं, वाढपी त्यात गरम जेवण वाढतात आणि रांगेच्या अगदी शेवटी कॅशियर बसलेली असते. मूल छोट्या कीपॅडवर आपला नंबर टाइप करतं, मग पडद्यावर खातं उघडतं. म्हणजे हिशेब होतो तो ताट वाढून झाल्यावर. मागे वीस-पंचवीस मुलं उभी असतात. बाकी जास्त झाली असेल तर अनेक शाळांमध्ये तो ट्रे काढून घेऊन हातात थंड चीज सँडविच ठेवत. काही ठिकाणी आजही ठेवतात. ते सँडविच कोणाला मिळतं हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

आपल्याकडे भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात. भांडण असो, देणंघेणं असो, ते जेवणानंतर. जानेवारी २०१४ मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका प्राथमिक शाळेत खात्यात पैसे नसलेल्या तीस-चाळीस मुलांच्या हातातले ट्रे काढून घेतले गेले आणि ते जेवण कचऱ्यात टाकलं गेलं. त्याऐवजी मुलांना फळ आणि दूध दिलं. कचऱ्यात का? कारण एकदा मुलाच्या हातात गेलेलं अन्न आरोग्याच्या नियमांमुळे दुसऱ्या कुणाला देता येत नाही. शाळेचा एक सेंटही वाचला नाही. अन्नही गेलं, पैसेही गेले, आणि मुलांनी जे पाहायचं ते पाहिलं. पुढे शाळा प्रशासनाने माफी मागितली. अलाबामात एका मुलाच्या दंडावर 'मला जेवणाचे पैसे हवेत' अशा अर्थाचा शिक्का मारून त्याला घरी पाठवलं होतं. न्यू जर्सीतल्या चेरी हिलमध्ये २०१९ साली थकबाकी असलेल्या मुलांना शाळेच्या नृत्यसमारंभाला येऊ देऊ नये असा नियम पुढे आला. न्यू जर्सीत आपले किती मराठी लोक राहतात हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं करणारी माणसं दुष्ट असतात असं मला वाटत नाही. आमच्या शाळेतल्या कॅशियरबाई स्वतःच्या पर्समधून सुटे डॉलर काढून देताना मी पाहिल्या आहेत. दोष व्यवस्थेच्या बांधणीत आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर रागावण्याला अर्थ नाही.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ साली शालेय भोजनाच्या कायद्यावर सही केली. आज त्या कार्यक्रमात मुलांचे तीन गट पडतात. घराचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. त्यावर पूर्ण दर. मोफत जेवणाऱ्या मुलामागे केंद्र सरकार शाळेला साधारण साडेचार डॉलर देतं, पूर्ण दराच्या मुलामागे अर्धा डॉलरही देत नाही. त्यामुळे १८५ टक्क्यांच्या रेषेवरून एक पाऊल पुढे गेलेलं घर शाळेच्या हिशेबात एकदम सुखवस्तू ठरतं. आमच्या बसथांब्यावरचं ते घर नेमकं तिथे उभं होतं.

थकलेले पैसे आलेच नाहीत तर? नियम असा की बुडीत बाकी शाळेच्या भोजननिधीतून भागवता येत नाही. ती स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, आपल्या दुसऱ्या पैशातून भरून काढावी लागते. म्हणजे ग्रंथालयाच्या, संगीताच्या, शिक्षकांच्या पैशातून. मुख्याध्यापकाच्या डोक्यावर ही टांगती तलवार असते. म्हणून आधी गोड निरोप, मग फोन, मग पत्र, मग वसुली एजन्सी. पेनसिल्व्हेनियातल्या वायोमिंग व्हॅली वेस्ट या डिस्ट्रिक्टने २०१९ च्या उन्हाळ्यात पालकांना पत्रं पाठवली, त्यांत लिहिलं होतं की जेवणाची बाकी भरली नाहीत तर प्रकरण न्यायालयात जाऊन मुलांचा ताबा तुमच्याकडून काढून घेतला जाऊ शकतो. एकूण थकबाकी होती सुमारे २२ हजार डॉलर. एका कॉफी कंपनीच्या प्रमुखाने ती सगळी भरायची तयारी दाखवली, तर डिस्ट्रिक्टने आधी नकार दिला. ओरड झाल्यावर माफी मागून पैसे घेतले. त्या खोऱ्यात पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. खाणी बंद पडून पिढ्या लोटल्या आणि तिथल्या घरांना कर्जाची पत्रं नवी नव्हती. पण मूल हिरावलं जाईल असं शाळेच्या लेटरहेडवर वाचणं नवीन होतं.

शरमिंदं करण्याविरुद्ध कायदे झाले आहेत आणि मी त्यांचं मनापासून स्वागत करते. २०१७ साली पहिला कायदा न्यू मेक्सिकोने केला. तो मांडणारे तिथले राज्य सिनेटर मायकेल पादिया लहानपणी फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे आईबापांऐवजी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्यांच्या घरांत, वाढलेले. शाळेत जेवण मिळावं म्हणून त्यांनी कॅफेटेरियाची फरशी पुसलेली होती. मिनेसोटाच्या कायद्यातही आज स्पष्ट लिहिलं आहे: वाढलेलं जेवण काढून घ्यायचं नाही, फेकायचं नाही, नावं जाहीर करायची नाहीत, शिक्के-स्टिकर लावायचे नाहीत, बाकीपायी मुलाला सहलीला किंवा पदवीदानाला मुकवायचं नाही. प्रत्येक शब्दामागे कुठल्यातरी मुलाची एक दुपार आहे.

तरी हा उपाय अर्धाच आहे. अपमान थांबवला, पण देणं तसंच ठेवलं. बाकी वाढत राहते, डिस्ट्रिक्टचा खड्डा मोठा होतो, आणि जो ताण रांगेत दिसत होता तो पालकांच्या फोनमध्ये जातो. पैसे बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरायचे असतात आणि प्रत्येक भरण्यावर खासगी कंपनी फी कापते, अनेकदा दोन-अडीच डॉलर. ज्याला वर्षाचे पैसे एकदम भरता येतात त्याला ही फी एकदा पडते. जो दर शुक्रवारी पगार झाल्यावर दहा-वीस डॉलर टाकतो त्याला ती दर शुक्रवारी पडते. त्या बाईने मला आपल्या फोनवर हे दाखवलं होतं. तिच्या मुलाचं जेवण माझ्या मुलाच्या जेवणापेक्षा महाग पडत होतं.

दुसरा उपाय लोकांना सगळ्यात आवडतो, तो म्हणजे देणगी. आमच्याच राज्यात याची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुखरी गोष्ट घडली. फिलांडो कॅस्टील हा सेंट पॉलमधल्या जे. जे. हिल मॉन्टेसरी शाळेच्या कॅफेटेरियाचा पर्यवेक्षक. मुलांची नावं त्याला पाठ होती, कुणाला कशाची ॲलर्जी तेही. पैसे कमी पडलेल्या मुलासाठी तो स्वतःच्या खिशातून भरायचा. ६ जुलै २०१६ ला वाहतुकीच्या तपासणीत एका पोलिसाने गोळ्या झाडून त्याला मारलं. पुढच्या वर्षी इथल्या एका कॉलेजच्या प्राध्यापिकेने त्याच्या नावाने निधी सुरू केला. पाच हजार डॉलर जमावेत एवढीच अपेक्षा होती, जमले एक लाखाच्या वर, आणि सेंट पॉलच्या सगळ्या शाळांमधली जेवणाची थकबाकी फिटली.

मीही त्यात थोडे पैसे टाकले होते आणि पुन्हा टाकेन. पण पुढच्या सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यापासून नवी बाकी चढू लागली. चढणारच होती. ज्या कारणाने ती चढते त्याला कुणी हात लावला नव्हता. देणगीला आणखी एक अडचण आहे, ती बोलून दाखवायला जड जातं. दात्याचं लक्ष जिथे जातं तिथलंच मूल सुटतं. ज्या शाळेची बातमी झाली तिचं कर्ज फिटतं, शेजारच्या गावातलं मूल थंड सँडविच खात राहतं. जेवण ही शाळेने पुरवायची गोष्ट असेल तर ती बातमीवर अवलंबून राहता कामा नये. शिवाय कॅफेटेरियात तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या माणसाने आपल्या खिशातून हा कार्यक्रम का चालवावा?

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेच्या दिवसात दिलेलं जेवण हे बाकासारखं, फळ्यासारखं, पिवळ्या बससारखं धरावं. रांगेच्या शेवटी गल्ला नको. मुलाच्या नावाने खातंच नको. खातं नसलं की बाकी नाही, बाकी नसली की वसुली नाही, आणि वसुली नसली की शरमिंदं करण्याविरुद्ध वेगळा कायदाही लागत नाही.

आमच्या मराठी मंडळातल्या गणपतीत मी हे बोलले तेव्हा एका काकांनी मला शांतपणे विचारलं, "आम्ही दोघंही कमावतो. आमच्या नातवाचं जेवण सरकारने का द्यावं? तेच पैसे गरिबाच्या मुलाला जास्त द्या ना." हा प्रश्न खोडसाळ नाही. त्यामागे सचोटी आहे, फुकटचं न घेण्याची शिकवण आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

नातवाच्या बसचे पैसे काका देत नाहीत. वर्गातल्या हीटरचे, नर्सचे, ग्रंथालयाचे देत नाहीत. ते कर देतात, जास्त कमावतात म्हणून जास्त कर देतात, आणि त्यातून त्यांचा वाटा भरला जातो. म्हणजे श्रीमंताकडून घ्यायचं ते शाळेच्या दारात न घेता कराच्या खिडकीत घेतलं जातं, आणि तिथे कुणाच्या नातवाला उभं राहावं लागत नाही. आणि गरिबाला नेमकं शोधून द्यायचं हे ऐकायला चांगलं वाटतं, पण शोधणारं साधन म्हणजे एक अर्ज. तो अर्ज इंग्रजी न येणाऱ्याचा हुकतो, वर्षाच्या मध्यात नोकरी गेलेल्याचा हुकतो, रेषेच्या काठावरच्याचा हुकतो. नवीन आलेल्या आपल्याच काही कुटुंबांना मी तो भरू नका असं एकमेकांना सांगताना ऐकलं आहे, पुढे ग्रीन कार्डला अडचण येईल या भीतीने. ती भीती निराधार आहे, शाळेतलं जेवण 'पब्लिक चार्ज'मध्ये, म्हणजे हा माणूस सरकारवर बोजा होईल का हे पाहण्याच्या कसोटीत, धरलं जात नाही. पण भीतीने अर्ज न भरणाऱ्या बापाचं मूल उपाशी राहायचं ते राहतंच.

'आईबापांनी जबाबदारी घ्यायला नको का?' असाही सवाल असतो. घ्यायला हवी. ज्याला परवडतं आणि तरी जो भरत नाही, त्याला जरूर गाठावं. पण ते देणं दोन मोठ्या माणसांमधलं आहे. वाण्याकडे बापाची उधारी थकली म्हणून वाणी पोराच्या हातातला लाडू हिसकावत नाही. हिसकावला तर गाव त्याच्या दुकानाची पायरी चढायचं नाही.

खर्च वाढतो, हे मान्य करूनच मी हे मांडते आहे. मिनेसोटात १७ मार्च २०२३ ला गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी सगळ्या मुलांच्या मोफत जेवणाच्या कायद्यावर सही केली, मिनियापोलिसच्या एका शाळेत, पोरांच्या गराड्यात. जेवणारी मुलं अंदाजापेक्षा जास्त निघाली आणि खर्चही अंदाजापुढे गेला. तेव्हापासून विधिमंडळात उत्पन्नाची मर्यादा परत आणा असा सूर निघतो. पण अंदाजापेक्षा जास्त मुलं जेवली याचा अर्थ काय? आधी जी मुलं 'भूक नाही' म्हणत होती त्यांतली किती खरोखर भुकेली नव्हती? माझ्या मुलाचा तो मित्र त्या सप्टेंबरात रांगेत परत आला. त्याच्या बाबतीत तरी मला उत्तर माहीत आहे.

कायद्यात फटी राहिल्या आहेत. दिवसाला एक न्याहारी आणि एक जेवण मोफत, दुसऱ्यांदा घेतलं तर पैसे. घरून डबा नेणाऱ्या मुलाने फक्त दुधाचा डबा उचलला तरी पैसे, आणि हे आपल्या घरांमध्ये फार होतं. म्हणजे कीपॅड अजून आहे, खातं अजून आहे, उणे आकडा अजून येऊ शकतो. पुढची दुरुस्ती तिथे हवी. कॅलिफोर्निया आणि मेन यांनी मोफत जेवण आमच्याआधी सुरू केलं. आमच्या आगेमागे कोलोरॅडो, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू मेक्सिको आले. फिनलंडसारख्या देशाने तर हे १९४८ पासून केलं आहे, आणि तेव्हा तो देश युद्धातून नुकता सावरत होता, श्रीमंत नव्हता.

आणि हे कळायला मला फिनलंडपर्यंत जायची गरज नव्हती. माझी आई माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. १९९५ साली केंद्राची योजना आली तेव्हा हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, तो घरी जायचा आणि घरात सगळ्यांत वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. मग शाळेत खिचडीची पातेली चढली. आईचा त्या कामाचा त्रास मी पाहिला आहे: धान्याची नोंद, चवीचं रजिस्टर, सरपणाची ओरड. ती कधी खूश नव्हती. पण एक गोष्ट ती सांगायची. तांदळाच्या दिवसांत कुणाचं नाव आलं, कुणाचं गेलं यावर पोरं भांडायची. खिचडीच्या पंगतीत मेंढपाळाचं पोर आणि दुकानदाराचं पोर आपापली ताटली घेऊन बसली की कोण कुणाचं हे विचारायची वेळच यायची नाही. रेशनकार्ड कुणी मागत नव्हतं.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला एक वाढायचं, दुसऱ्याला दुसरं. गरम जेवण आणि थंड सँडविच हा पंक्तिप्रपंचच आहे. आपल्या पंगती त्यापासून सुटलेल्या आहेत असा दावा मी करणार नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईची जात पाहून पोरांना उठवून नेणारी गावं भारतात अजून आहेत. आणि महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं की द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हणजे देणगीच. ज्या गावात सधन माणूस आहे तिथे अंडं, जिथे नाही तिथे नाही. सेंट पॉलमध्ये जे शिकायला मिळालं तेच माणमध्ये लागू होतं.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक काम सांगते. बहुतेक राज्यांत अजून मुलांचे तीनच गट आहेत. १ जुलै २०१७ पासून या कार्यक्रमातल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे थकबाकीचं लेखी धोरण असावं लागतं आणि दर वर्षी शाळा सुरू होताना ते पालकांना कळवावं लागतं. तुमच्याकडेही ते आलेलं असेल, कागदांच्या गठ्ठ्यात किंवा न उघडलेल्या ईमेलमध्ये. ते काढा. गरम ताटाऐवजी द्यायचं 'पर्यायी जेवण' हे शब्द त्यात आहेत का पाहा, आणि असतील तर स्कूल बोर्डाच्या पुढच्या सभेत नाव नोंदवून उठून विचारा की ते जेवण नेमकं काय असतं आणि ते मुलाच्या हातात कोणत्या क्षणी ठेवलं जातं.